शिबिर संपल्यानंतरच्या सोमवारी

प्रति,
माननीय क्रीडामंत्री यांस,
सविनय नमस्कार.

विषय : दिव्यांगांच्या क्रीडा शिबिरांना वर्षभराच्या सरावाची जोड मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी बोच्चा खेळते. आपला चेंडू मैदानातल्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा हा दिव्यांगांचा खेळ आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला चेंडू हातात धरता येत नाही, त्यामुळे तो पन्हाळीसारख्या उतरत्या रॅम्पवर ठेवला जातो आणि डोक्याला बांधलेल्या दांड्याने ती तो सोडते. रॅम्प हलवण्याचे काम माझे असते. रॅम्प धरणाऱ्या सहायकाने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे, असा या खेळाचा नियम आहे. वळून पाहिले तर दंड होतो. डावीकडे किती, वर किती, हे ती सांगते आणि मी तेवढेच करतो. सामन्यात तिचा चेंडू पांढऱ्या चेंडूला जाऊन चिकटताना मी एकदाही पाहिलेला नाही. तो मला तिच्या चेहऱ्यावरून कळतो.

मागे एका तीन दिवसांच्या शिबिरात मला बाजूला बसायला सांगून एका उत्साही स्वयंसेवकाने रॅम्प हाती घेतला. मैदानाकडे तोंड करून त्याने स्वतःच नेम धरला, चेंडू नेमका जागी गेला, टाळ्या पडल्या आणि छायाचित्रही निघाले. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, तो चेंडू त्या दादांचा होता." त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते आणि सकाळी नेमणूक झालेल्या माणसाने दुपारपर्यंत हे सारे शिकावे, अशी अपेक्षा तरी कशी ठेवणार? रविवारी संध्याकाळी रॅम्प, चेंडू, खेळाच्या व्हीलचेअर असे सगळे साहित्य गाडीत भरून परत गेले. सोमवारी तिने विचारले, "आज किती वाजता जायचे?" हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

शिबिरे बंद करा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. घराबाहेर कधी न पडलेल्या माणसाला आपल्यासारखे दहा जण खेळताना प्रथम तिथेच दिसतात, आणि ते पाहणे हा मोठा धक्का असतो, चांगल्या अर्थाने. परंतु खेळ आठवड्यामागून आठवडे खेळला तरच अंगात मुरतो. ज्या चळवळीतून आजची पॅरालिम्पिक उभी राहिली, तिचा क्रमही हाच आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी केंद्र सुरू झाले, तेव्हा डॉ. लुडविग गुटमन यांनी खेळाला रुग्णांच्या उपचारांत आणि दिनक्रमात जागा दिली. तिथली पहिली स्पर्धा त्यानंतर, २९ जुलै १९४८ रोजी झाली आणि तीत तिरंदाजीसाठी उतरलेले खेळाडू होते अवघे १६. बारा वर्षांनी रोममध्ये पहिल्या पॅरालिम्पिकसाठी २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आधी रोजचा खेळ रुजला, सोहळा मागून आला.

आपल्या खात्याचा पैसा मात्र सोहळ्याच्या हिशेबाने सुटतो. शिबिरानंतरच्या अहवालात लाभार्थी किती, हा रकाना असतो. त्यांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जण खेळत होते, हा रकाना मी अजून पाहिलेला नाही. तो एक रकाना घातला आणि पुढच्या वर्षीचे अनुदान त्याच्याशी जोडले, तर आयोजक आपोआप सरावाची सोय करू लागतील, असा माझा अंदाज आहे.

साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दरवेळी गाडी तिथेच अडते. रुग्णालयातली व्हीलचेअर घेऊन बास्केटबॉल खेळता येत नाही. ती जड असते आणि झटक्यात वळवली तर कलंडते. खेळाच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली असतात म्हणून ती तोल सांभाळते. अशी खुर्ची प्रत्येकाने विकत घेणे शक्य नाही, पण ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी ती ठरावीक मुदतीसाठी नेता येईल, अशी व्यवस्था खात्याला नक्कीच करता येईल. काही खेळांना तर एवढेही लागत नाही. दृष्टिहीनांच्या गोलबॉलला व्हॉलीबॉलएवढे, म्हणजे १८ बाय ९ मीटरचे बंदिस्त मैदान पुरते. आत घुंगरू असलेला चेंडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि बोटांना रेषा लागावी म्हणून चिकटपट्टीखाली ओढलेली दोरी, एवढ्यावर खेळ सुरू होतो. प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते, आणि खरे सांगायचे तर तेच सर्वांत अवघड जाते.

प्रशिक्षकांच्या तयारीचा प्रश्न मात्र जिवाशी निगडित आहे. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेखालच्या शरीरात पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे उन्हात तिचे अंग धोकादायक रीतीने तापते. एकाच जागी तासन्‌तास बसून राहिल्यास तिला जखमा होतात आणि संवेदना नसल्याने त्या कळतही नाहीत. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत अशा खेळाडूंना भर दुपारी मैदानात बसवून ठेवलेले मी पाहिले आहे. पाहुण्यांनी वेळेवर यावे, ही विनंती आपणांसही करतो, राग नसावा.

वाहन आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह, या दोन गोष्टींवर फार लिहीत नाही. त्या नसतील तर बाकीचे सारे कागदावरच राहते, हे आपण जाणताच.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील ३० वे कलम खेळात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याविषयी बोलते आणि त्यात शाळेतील मुलांच्या खेळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की ज्या सभागृहात इतर मुले रोज खेळतात, तिथेच आठवड्यातले दोन ठरलेले तास, ठरलेला प्रशिक्षक आणि कुलूप उघडले की हाती येणारे साहित्य वर्षभर मिळावे.

आपण सरावाला अवश्य यावे. त्या दिवशी रॅम्प मी आपल्या हाती देईन आणि माझी मुलगी आपल्याला सूचना देईल. मात्र वळून पाहू नये.

आपला नम्र,
एका बोच्चा खेळाडूचा सहायक आणि वडील