खेळाच्या तासाला त्याला दप्तरं राखायला बसवू नका

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३ डिसेंबरला दिव्यांग मुलांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं वाटली जातात. आमचं म्हणणं उरलेल्या दिवसांबद्दल आहे. खेळाच्या तासाला मैदानावर शिट्ट्या, आरडाओरडा, भांडणागणिक बदलणारे नियम. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल कान झाकून घेतं, पळत सुटतं. मग त्याला वर्गात दप्तरं राखायला बसवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शिक्षणासोबत खेळाचीही समान संधी द्यायला सांगितलं आहे. ती या तासापासून सुरू व्हावी.

पाळीची वाट पाहणं, मागणं, नाही म्हणणं हे 'मित्रांशी बोल रे' म्हणून येत नाही. ज्या खेळात दुसऱ्यावाचून आपलं अडतं, त्यात ते येतं. अमेरिकेतल्या डॅनियल लगॉफ यांनी २००४ मध्ये मांडलेली ठोकळ्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे ठोकळे, तिसरा फक्त जोडणार. चित्रवाला 'लाल, मोठा, एक' असं सांगतो. बोलत नसेल तर कार्डावर बोट ठेवतो. सुरुवातीला १० ते १२ ठोकळे आणि दोनच रंग पुरतात. दर चार ठोकळ्यांनी कामं बदलायची. महागडा संच लागत नाही, लाकडी ठोकळे चालतात. चित्र मात्र त्याच ठोकळ्यांचं हवं.

गटात चारच मुलं, त्यात एक किंवा दोन स्वमग्न, आणि सत्रभर तीच. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. आधी फळ्यावर चार चित्रं: काय खेळायचं, कुणाची पाळी, कधी संपणार, मग काय. शेवटची पाच मिनिटं घड्याळावर दाखवायची. खेळ अचानक थांबवला की रडारड होते आणि दोष मुलाला लागतो.

मैदानी खेळही चालतात, पण निवडून. लगोरी चांगली: रचायच्या सात चकत्या समोर दिसतात. फक्त चेंडू मऊ हवा आणि आधी अंगावर मारायचा नाही. संगीत खुर्चीत जो शिकायला आला तोच पहिल्यांदा बाद होऊन बाहेर बसतो. आंधळी कोशिंबीर तर नकोच. डोळे बांधणं आणि न सांगता अंगाला हात लागणं अनेकांना सोसवत नाही.

सगळ्यात जास्त बिघडवतो तो मोठा माणूस. 'दे त्याला, थँक्यू म्हण, माझ्याकडे बघ' असं बाई सारखं सांगत राहिल्या की मूल बाईंचं ऐकायला शिकतं, सवंगड्याचं नाही. नजरेला नजर द्यायची सक्ती नको, हात फडफडवणं थांबवायला नको. शिकवायचं ते सोबतच्या मुलांनाही: समोर येऊन उभं राहा, वस्तू दाखव, एकदाच विचार आणि मनात दहा मोजेपर्यंत थांब. नाहीतर प्रेमापोटी तीच त्याचे ठोकळे लावून मोकळी होतात. मोजायचं असेल तर सुंदर हस्ताक्षरातला अहवाल नको; दहा मिनिटांत मोठ्यांच्या मदतीविना किती वेळा देणंघेणं झालं, एवढा आकडा दर आठवड्याला लिहावा.

आपल्याकडून हवं आहे ते एक परिपत्रक. वेळापत्रकातले दोन खेळाचे तास अशा गटासाठी राखावेत, आणि ते गणिताच्या सरावाला देता येणार नाहीत असं स्पष्ट लिहावं. प्रत्येक केंद्रशाळेत ठोकळ्यांचे दोन संच आणि मऊ चेंडू असावेत. डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) शिक्षकांना दोन दिवस व्याख्यान न देता मुलांसोबत प्रत्यक्ष खेळवून दाखवावं. विशेष शिक्षकाची फेरी त्या तासालाच यावी. आज ती बहुधा नोंदवहीवर सही करण्यापुरती होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. त्याप्रमाणे पदं भरल्याशिवाय ही फेरी होणार नाही.

हे परिपत्रक जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निघावं. वेळापत्रक एकदा लागलं की वर्षभर कुणी हलवत नाही.

आपले,
काही विशेष शिक्षक आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ