नाव असू द्या, चित्र नको

'खेळसंघांची नावे आणि धर्मभावना' हा लेख वाचला. संघाच्या नुसत्या नावाने श्रद्धा दुखावते, हे त्यातले म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या खेळसंघांच्या 'ब्लू डेव्हिल्स' (निळे सैतान) या नावाचा सैतानपूजेशी संबंध नाही. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच पर्वतीय सैनिकांचे ते टोपणनाव. आपल्याकडे तर कबड्डीत 'जय बजरंग' म्हणत चढाईला जाणे ही भक्तीच. खटकते ते चित्र. कळव्यातील एका कबड्डी स्पर्धेत छातीवर मारुती छापलेली जर्सी घातलेला चढाईपटू पकडीत पालथा पडला. वर चौघे, खाली माती. नंतर त्याच जर्सीने त्याने तोंड पुसले. शेजारच्या आजोबांनी मान फिरवली. संघांनी देवाचे नाव जरूर घ्यावे, जर्सीवर चित्र छापू नये. आयोजकांनी प्रवेशअर्जातच तशी अट घालावी.

– एक कबड्डीप्रेमी, कळवा (ठाणे)