तिरुपतीच्या वाटेवर डिझेलचे पैसे

नागपूर,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिरुपतीला जायचं पक्कं झालं आणि गाडी गजू चालवणार, हे कळलं. दर्शनाचं आणि मुक्कामाचं तुम्ही बघितलंच आहे. मी फक्त डिझेलच्या पैशांचं लिहिते. बाबा फोनवर म्हणाले, "त्यात काय विचारायचं, नगद नारायण!" गावच्या पंपावर ते खरं आहे. तिथे मालक ओळखतो आणि चिल्लर नसली तर वहीत लिहून ठेवतो. कर्नूलच्या पुढे तुमची वही कोणाकडे नाही. त्यात डिझेल एकदा टाकीत पडलं की परत देता येत नाही. ४० लिटर गाडीत गेल्यावर कार्डाचं मशीन नकार देऊ लागलं, तर तुम्हीही अडकता आणि पंपवालाही. म्हणून नोझल टाकीत जायच्या आधीच विचारायचं: "कार्ड चालते का? मशीन चालू आहे का?" तेलुगू मुलखातही 'कार्ड' आणि 'क्यूआर' हे शब्द सगळ्यांना कळतात.

आधी हिशेब. पांढरकवड्याहून तिरुपती साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८००. आपली गाडी १४ चा ॲव्हरेज देते, म्हणजे १३० लिटर. तिकडचं हिंडणं धरून १३५ समजा. लिटरला ९५ रुपये धरले तर जवळजवळ तेरा हजार होतात. डिझेल जीएसटीत येत नाही, प्रत्येक राज्य त्यावर आपापला व्हॅट लावतं, त्यामुळे हद्द ओलांडली की भाव बदलतो. तेलंगणा आणि आंध्रात आपल्यापेक्षा लिटरमागे जास्त पडतात. तेव्हा पिंपळखुटीचा नाका आणि पैनगंगेचा पूल यायच्या आधी, पांढरकवड्यातच टाकी भरून घ्या. परतताना आदिलाबादला टाकी भरायचा मोह नको. घरी पोचण्यापुरतं टाका, बाकीचं आपल्या गावात.

टाकी फुल्ल करायची असेल तर पैसे कार्डानेच द्या. नोझल आपोआप थांबलं की तिथेच थांबायचं असतं. पण रोख द्यायची असली की पंपावरचा पोरगा म्हणतो, "राउंड करून देतो काका," आणि ३४८७ चे ३५०० करायला आणखी थोडं दाबतो. ते कधी फेसासकट बाहेर सांडतं. कार्डावर ३४८७ म्हणजे ३४८७, चिल्लरचा प्रश्नच येत नाही.

आता कोणतं कार्ड? मी दिलेलं क्रेडिट कार्ड आहे आणि बाबांचं बँकेचं डेबिट कार्ड आहे. पंपावर क्रेडिट कार्ड वापरलं की बहुतेक बँका १ टक्का इंधन अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. पुष्कळ कार्डांवर बिल ठरावीक रकमेच्या आत असेल तर अधिभार माफ होतो. माझ्या कार्डावर ही सूट ४०० ते ५००० रुपयांच्या बिलावर आहे. समजा ३६४० रुपयांचं डिझेल घेतलं. अधिभार ३६ रुपये ४० पैसे, त्यावर जीएसटी साडेसहा रुपये. ३६ रुपये ४० पैसे पुढच्या बिलात परत येतात, साडेसहा जातात. त्याची चिंता नको. मात्र एका वेळचं बिल ५००० च्या वर गेलं तर सूट अजिबात मिळत नाही आणि ५२०० च्या बिलावर साठेक रुपये बसतात. म्हणून टाकी अगदी रिकामी होऊ देऊ नका, अर्ध्यावर आली की भरा. रात्रीच्या प्रवासातही तेच बरं. डेबिट कार्डावर सहसा असा अधिभार नसतो, पण त्याला दिवसाची मर्यादा असते. ती शाखेत विचारून घ्या.

पूर्वी कार्डाने डिझेल घेतलं की सूट मिळायची. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये ०.७५ टक्के सुरू झाली होती. क्रेडिट कार्डावरची १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. जुनी पाटी कुठे दिसली तर तिच्यावर विसंबू नका.

बाबांच्या कार्डावर वायफायसारखी खूण आहे ना, ते कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी ५००० पर्यंत पिन न मागता पैसे जातात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० नंतरची कार्डं फक्त एटीएम आणि देशातल्या दुकानी मशीनपुरती चालू करून येतात. टेकवायची सोय मागून चालू करावी लागते. त्यामुळे टेकवल्यावर काहीच झालं नाही तर कार्ड बिघडलं असं समजू नका, मशीनमध्ये खालून घाला आणि पिन टाका. पिन स्वतःच, हात आडवा धरून. कधी मशीन ऑफिसात बांधलेलं असतं आणि पोरगा म्हणतो, "पिन सांगा, मी टाकतो." त्याला म्हणायचं, "मी येतो तिथे." आईचे गुडघे दुखत असले तरी बाबांनी उतरायचं. पिन आपणच सांगितला असेल तर बँक आपलाच निष्काळजीपणा धरते आणि कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी बसतं. कार्ड हरवलं किंवा न केलेल्या खर्चाचा मेसेज आला तर आधी बँकेच्या नंबरवर ते बंद करायचं, मग मला फोन. फसवणूक झालीच तर १९३०. हा नंबर देशभर चालतो.

फोनवरून पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण मोठ्या रकमेला मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. हायवेवर नेटवर्क येतं-जातं. (गंमत बघा, 'मोबाईल वापरू नका' या पाटीखालीच क्यूआर चिकटवलेला असतो. तुम्ही नोझलपासून दूर, ऑफिसच्या टेबलापाशी जाऊन स्कॅन करा.) स्कॅन केल्यावर पंपाचं नाव दिसतं. ते पाटीवरच्या नावाशी जुळतं का बघा, मगच पिन. एखाद्या माणसाचं नाव आलं तर विचारा. कोणी म्हणालं, "पैसे परत पाठवतो, पिन टाका," तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पंपवालेही कधी ऑनलाइन पैशांना नाखूश असतात, त्यामागे कारण आहे. फसवणुकीचे पैसे कोणी पंपावर खर्च केले की तपासात पंपाचंच खातं गोठवलं जातं. याच कारणाने मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पंपचालकांच्या संघटनेने १० मेपासून ऑनलाइन पैसे घेणार नाही असं जाहीर केलं होतं. तेव्हा कोणी नाही म्हणालं तर वाद घालू नका. त्यासाठीच रोख जवळ असते.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते: पैसे खात्यातून गेले, पण पंपाच्या मशीनवर आले नाहीत. कार्ड आणि यूपीआय दोन्हीत होतं. कारण बहुतेकदा एकच, तुमच्या बँकेचा निरोप मधल्या टप्प्यावर अडकतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा कार्ड घासायचं नाही. पाच मिनिटं थांबा. मशीनमधून पावती निघाली का बघा, त्याला त्याच्या बाजूने तपासायला सांगा. ॲपवरच्या हिरव्या टिकपेक्षा बँकेचा मेसेज खरा. तरी जमलं नाही तर रोख द्या, आणि डिझेलच्या पावतीच्या मागे त्याच्याकडून लिहून घ्या: 'यूपीआय जमा नाही, रोख मिळाले', वेळ आणि सही. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक गजूला फोटोत घ्यायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे बँकेने रोजचे १०० रुपये द्यायचे. सहाव्या दिवशी मला तो फोटो पाठवा, पुढचं मी बघते.

पैसे देण्याच्या बहाण्यानेच मीटरची हातचलाखी होते, हे बाबांनी नीट वाचावं. एक पोरगा नोझल लावतो, दुसरा खिडकीशी येतो, "कार्ड का कॅश?" तुम्ही पाकिटात बघता तोवर मीटर शून्यावरून सुरू झालं की मागच्या गाडीच्या २०० वरून, ते कळतच नाही. दुसरा प्रकार: हजार सांगितले, त्याने २०० ला थांबवलं, "चुकून झालं, पुढचे ८०० टाकतो," आणि मीटर शून्य न करता ८०० पर्यंतच नेलं. म्हणजे एकूण डिझेल ८०० चं, पैसे हजार. म्हणून कामं वाटून घ्या. बाबांनी खाली उतरून फक्त मीटर बघायचं, शून्य दिसल्याशिवाय 'टाक' म्हणायचं नाही. पैशांची पिशवी आईकडे. ५०० ऐवजी ५१० सांगितल्याने माप जास्त मिळतं, हा समज सोडा. संशय आला तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं.

पावत्या दोन घ्यायच्या. कार्डाची पावती पैसे गेल्याचा पुरावा आहे, त्यात लिटर नसतात. डिझेलची छापील पावती वेगळी, तिच्यात लिटर, भाव, नोझल, वेळ सगळं असतं. गाड्यांची बिलं तपासताना मी हाताने लिहिलेली पावती बाजूलाच काढते. तिच्यात कोणीही काहीही लिहू शकतो. गजू चांगला पोरगा आहे, पण रोख त्याच्या हाती देऊन लांब बसू नका, त्यालाही उगाच संशय नको. पावतीचा कागद उन्हात पांढरा पडतो, काचेजवळ ठेवू नका.

रोख किती? माझ्या मते डिझेलसाठी ७००० पुरे, बाकीचं कार्डावर. ५०० च्या बारा नोटा आणि १०० च्या दहा. फाटकी, चिकटवलेली नोट घरीच ठेवा. निम्मे बाबांच्या आतल्या खिशात, निम्मे आईच्या बटव्यात. आई, साड्यांच्या घडीत २००० ची नोट अजून असेल तर ती सोबत घेऊ नकोस. मे २०२३ मध्ये ती मागे घेतली, पंपावर कोणी घेणार नाही. इथे नागपूरला रिझर्व्ह बँकेत जमा होते. माझ्याकडे दे, मी जाईन.

जास्तीचे काढायचे तर निघण्याआधी आपल्याच बँकेच्या एटीएममधून काढा. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्याकडे महिन्याला पाच वेळा फुकट, पण हैदराबाद मोठ्या शहरांत धरतात, तिथे तीनच. त्यापुढे दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि कर. नुसती शिल्लक बघितली तरी ती एक वेळ धरतात.

टोलचं मात्र उलट आहे, तिथे रोखीवर विसंबू नका. फास्टॅगमध्ये पैसे नसले तर टोल जास्त पडतो. मी परवाच त्यात पैसे भरले आहेत.

आता एक काम. निघायच्या आदल्या दिवशी गावच्या पंपावर दोन्ही कार्डांवर ५००-५०० चं डिझेल टाकून बघा. माझ्या कार्डाचा मेसेज माझ्या फोनवर येतो. आला की मी फोन करते, नाही आला तर तुम्ही करा.

तुमची,
ताई