आक्का, ‘चोर’ हा शब्द कुठं होता?

शिवाजी पेठ, कोल्हापूर
डिसेंबर २०२५

ती. आक्का यांना
सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुम्ही म्हणणार, “समोरासमोर राहतोय की आपण, पत्र कशाला गं?” पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. परवा क्लॅटचा, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल सांगायला आले तर पूर्ण वाक्य ऐकायच्या आधीच “च्या टाक बघू” म्हणालात. म्हणून लिहितेय. आणि उघडं लिहितेय, कारण माझ्यासारखी मराठी माध्यमातली पुष्कळ पोरं-पोरी प्रवेश परीक्षेच्या इंग्रजीला भिऊन अर्जच भरत नाहीत, त्यांनीही वाचावं.

प्रवेशाची यादी अजून लागायची आहे. कुठलं विद्यापीठ मिळेल, मिळेल की नाही, काही ठाऊक नाही. यादीनंतर लिहिलं असतं तर आभार तुमचे की सीटचे, हे मलाच कळलं नसतं.

जूनच्या शेवटी तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आईनं मला ड्रॉप्स घालायला धाडलं. शिकवणी वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हती. तुम्हाला डोळ्यापेक्षा पेपरची काळजी. छत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून काढलेली बाई, सकाळी इंग्रजी पेपर वाचल्याशिवाय चहा उतरत नाही, आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचू नका म्हणून सांगितलेलं. “तू वाच, मी ऐकतो,” म्हणालात. मी वाचायला लागले. चौथ्या ओळीला मला थांबवलंत. मला वाटलं उच्चार चुकला. तुम्ही विचारलंत, “काय कळ्ळं, सांग. इंग्लिशमधी नको. आपल्यात सांग.”

मला काहीही कळलं नव्हतं. वाचत होते नुसती.

ते दिवस चपलेचे होते, आठवतंय? इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपली कोल्हापुरी घातलेली पोरं चालवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. चप्पल लाइनीत नुसता धुरळा उडाला होता. बाबा तिथंच दुकानात कामाला, त्यामुळे आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. त्यावरचा एक इंग्रजी लेख मी तुम्हाला वाचून दाखवला आणि तुम्ही नेहमीचं विचारलंत. मी तावातावानं सांगितलं, “लेखक म्हणतोय कंपनी चोर आहे, आमच्या कारागिरांना लुटलंय, केस टाकली पायजे.”

तुम्ही काळा चष्मा वर सारून म्हणालात, “चोर हा शब्द कुठं हाय? दाखव.”

मी शोधला. नव्हता. ‘लुटलं’ नव्हतं. ‘केस’ होतं, पण केस टाकणं अवघड का आहे हे सांगायला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण हे संरक्षण भारतापुरतं, आणि तेही मुख्यतः नावाला. कुणी तोच घाट उचलला आणि नाव घेतलंच नाही, तर हा कायदा फार काही करू शकत नाही. लेखकाचं म्हणणं एवढंच होतं, आणि तेही थंड डोक्यानं मांडलेलं. संताप सगळा माझा होता. मी तो त्याच्या तोंडात घातला होता.

मग तुम्ही तुमच्या नोकरीतली पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितलीत. साहेबांनी सांगितलेलं एक वाक्य तुम्हाला ओबडधोबड वाटलं म्हणून टाइप करताना तुम्ही ते जरा सुधारलंत. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “बाई, वाक्य चांगलं आहे. पण हे माझं नाही.” त्या दिवसापासून स्वतःच्या पदरचा एक शब्द घातला नाही, असं तुम्ही म्हणालात, आणि पुढचे पाच महिने मला एकाच प्रश्नानं छळलंत : “हे साहेब म्हणाले, का तू म्हणालीस?”

क्लॅटचं इंग्रजी म्हणजे हाच प्रश्न आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात इंग्रजी म्हणजे व्याकरण. रिकाम्या जागा, प्रिपोझिशन, समानार्थी शब्द. शब्दांच्या याद्या पाठ करून भिंतीवर चिकटवल्या होत्या. पण २०२० पासून ही परीक्षा उताऱ्यांवर चालते. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, साधारण ४५० शब्दांचे उतारे, आणि प्रश्न असे की लेखकाला काय सुचवायचंय, त्याचा सूर कसला, अमुक विधान त्याला पटेल का. बरं, कायदा, तर्क, चालू घडामोडी, इतकंच काय गणितसुद्धा उताऱ्यावरच. पेपर फक्त इंग्रजीत. म्हणजे भाषेचा विभाग नावाला एक, खरं तर १२० च्या १२० प्रश्नांत ती भाषाच बसलेली. मराठी माध्यमाच्या पोरांवर हे अन्यायाचं आहे असं मला आजही वाटतं, आणि हे मी म्हणतेय, साहेब नव्हे.

पहिल्या सराव परीक्षेत मला इंग्रजीत २४ पैकी ७ आले. चुकलेल्या प्रत्येकाला पाव गुण कापला. तो कागद मी तुमच्यापासून लपवला होता. दिसत नव्हतं तुम्हाला नीट, तरी मिळाला कसा देव जाणे.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच. तुमच्या पद्धतीला नाव नव्हतं. मी वाचायचं, कोल्हापुरीत सांगायचं. वाक्य फार लांब असलं की तुम्ही म्हणायचात, “नवरा कुठला, नवरी कुठली ते बघ. बाकी सगळं वऱ्हाड.” कर्ता आणि क्रियापद. कोर्टाच्या निकालांत एकेक वाक्य अर्ध्या पानाचं असतं, तिथं ही सवय लागली असणार तुम्हाला. मी पेन्सिलीनं दोघांना गोल करायचे आणि खरंच, वऱ्हाड बाजूला बसवलं की लग्न साधंच असायचं. ‘हाउएव्हर’ आणि ‘यट’बद्दल तर तुम्ही एका वाक्यात मोकळ्या झालात : “स्थळ सांगणारा मुलगा चांगला हाय म्हणतो, आणि मग ‘पण’ म्हणतो. आपण कुठनं ऐकायचं?” पणपासनं, आक्का.

सूर ओळखणं मला सगळ्यांत जड गेलं. पर्यायांत स्केप्टिकल, इंडिफरंट, अँबिव्हॅलंट असले शब्द. डिक्शनरीतला अर्थ पाठ व्हायचा, पण उताऱ्यात तो माणूस दिसायचा नाही. तुम्ही प्रत्येक शब्दाला पेठेतला एक माणूस दिलात. इंडिफरंट म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला, जगबुडी आली तरी सुट्टे पैसे मागणार. नॉस्टॅल्जिक म्हणजे तालमीच्या कट्ट्यावरचे आजोबा, ज्यांच्या काळात खासबागेत कुस्तीला मुंगी शिरायला जागा नसायची. अँबिव्हॅलंट म्हणजे माझी आई, जी मला बाहेरगावी शिकायला पाठवायचंय म्हणते आणि डबा कोण देणार म्हणून रडते. आणि स्केप्टिकल म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं गिऱ्हाईक. म्हैस समोर उभी, धार समोर काढली जातेय, ग्लास हातात येतोय, तरी हा वाकून बघतोय पाणी कुठनं पडतंय का. हा शब्द मी आता मेले तरी विसरणार नाही.

पर्याय निवडताना ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ दिसले की तुमच्यातला कोर्ट जागा व्हायचा. “मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही असं साक्षीदार म्हणाला की वकील खूश होतो,” म्हणायचात. एक सवाल, आणि साक्षीदार गळाला. अशा पर्यायाला मी पहिल्यांदा उलटतपासणीला उभं करायला लागले. दरवेळी तो खोटाच निघतो असं नाही, दोनदा मी खऱ्यालाच बाद केलं. पण एरवी उपयोग झाला.

तुमचं सगळंच उपयोगी पडलं असं मात्र नाही, रागावू नका. कोर्टातले लॅटिन शब्द तुम्ही दोन वहीभर लिहून घेतलेत, त्यातला एकही इंग्रजीच्या प्रश्नांत भेटला नाही. क्लासवाले सांगायचे आधी प्रश्न वाचा, मग उतारा. तुम्ही म्हणायचात, साहेबांचं ऐकायच्या आधीच काय ऐकायचं ते ठरवलं तर ऐकणार काय? मी दोन्ही करून पाहिलं. इंग्रजीत तुमचं खरं निघालं, चालू घडामोडींत त्यांचं. शेवटी तसंच वाटून घेतलं.

वेळेचा हिशेबही तुमचाच. १२० मिनिटांत १२० प्रश्न म्हटल्यावर माझे हातपाय गार पडायचे. तुम्ही बोटांवर मोजलंत : १२० च्या स्पीडचं डिक्टेशन म्हणजे मिनिटाला १२० शब्द, मग ४५० शब्दांना पावणेचार मिनिटं. “साहेब तेवढ्यात बोलून मोकळे होतात आणि आम्ही लिहूनसुद्धा घेतो. तुला नुसतं वाचायचंय की.” जुलैत मला एका उताऱ्याला सात मिनिटं लागायची. ऑक्टोबरात चारवर आले. त्याखाली कधीच गेले नाही, आणि जायची गरजही पडली नाही.

तुमचा एकच पेपर पुरेना तेव्हा तुम्ही मला करवीर नगर वाचन मंदिरात पिटाळलंत. १८५० सालचं ते वाचनालय, मी रोज त्याच्यावरनं जायचे, आत कधी गेले नव्हते. तिथल्या टेबलावर इंग्रजी पेपर उलगडून बसले तेव्हा पहिले दोन दिवस सगळे माझ्याकडंच बघताहेत असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, “झाला काय तुमचा? मला अग्रलेख पायजे.”

ऑगस्टमधली एक संध्याकाळ लिहायची राहूनच गेली असती. १८ तारखेला आपल्या गावात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. तुम्ही त्या दिवशी पेपर ऐकलाच नाहीत. रिक्षा बोलवायला लावलीत आणि सीपीआर दवाखान्यासमोर उतरून त्या इमारतीकडं बघत उभ्या राहिलात. सहा जिल्ह्यांची माणसं अपिलासाठी मुंबईला जायची, तारीख पडली की परत यायची, त्यांचे कागद तुम्ही टाइप केलेले. चाळीसहून जास्त वर्षं चाललेली मागणी. मला वाटलं तुम्ही काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, “रंग बरा दिलाय.” घरी आल्यावर मी विचारलं, आक्का, ह्या वाक्याचा सूर काय? तुम्ही उशी फेकून मारलीत.

अजून एक. मी सारांश सांगताना ‘मी वाचलो’, ‘मी बघितलो’ म्हणायचे. आपल्याकडं बायका-पोरी सगळ्या अशाच बोलतात, पण एका शिक्षकांनी निबंधातल्या माझ्या ‘गेलो’वर लाल रेघ मारून वर्गात वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून बाहेर बोलताना मी आधी मनात लिंग तपासायचे, मग तोंड उघडायचे. तुमच्यापुढंही पहिले काही दिवस ‘वाचले, बघितले’ करत होते आणि मध्येच अडखळत होते. तुम्ही म्हणालात, “हे कागदावर जायचं न्हाई, डोस्क्यात जायचंय. घरातलं बोल.” त्या दिवशी उतारा पहिल्यांदा सरळ सांगता आला. कागदावर, हे बघा, मी ‘आले-गेले’च लिहितेय.

७ डिसेंबरला पुण्याचं केंद्र होतं. आदल्या दिवशी एसटीनं निघाले, सोबत बाबा आणि तुम्ही दिलेल्या लाडूंचा डबा. बाबा साताऱ्यापर्यंत पुटपुटत होते की एवढा अभ्यास केलाय तर दोन-चार प्रश्न चपलेवर यायला पायजेत. दुपारी दोनला पेपर हातात आला. एका प्रश्नाशी मी अडकले, दोन पर्याय उरले होते. एक मला मनापासून पटत होता. दुसरा बेचव होता. तुमचा आवाज आला : साहेब म्हणाले, का तू? मी बेचव पर्याय काळा केला. तो बरोबर निघाला. मग आणखी एका ठिकाणी मोह आवरला नाही, मला पटलेलंच उत्तर दिलं, आणि पाव गुण गेला तो गेलाच. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की खालून काकी वर आल्या.

इंग्रजीत २४ पैकी १९, आक्का. सातवरून.

फी विचारली तेव्हा तुम्ही म्हणालात, “पाच म्हयने पेपर वाचून दाखवलास, त्याचे मीच तुला द्यायला पायजेत.” मला वाटायचं मी तुमच्या डोळ्यांचं काम करतेय आणि तुम्ही त्याची परतफेड करताय. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की नवा चष्मा तुम्हाला ऑगस्टमध्येच मिळाला होता. तो त्या स्टीलच्या डब्यात असायचा, खिडकीजवळ. मी पानं उलटत असताना तुम्ही तो एकदाही घातला नाहीत.

डाव्या डोळ्याची तारीख जानेवारीतली आहे, असं आई म्हणाली. ड्रॉप्स मीच घालणार, तोपर्यंत यादी लागली तरी. आमच्या शेजारच्या घरातली धाकटी नववीत गेलीय आणि इंग्रजीला घाबरते. तिला माझ्याबरोबर आणू काय, तेवढं सांगा.

उद्या पाचला येतो.

तुमची,
समोरची