सॅम्पल फ्लॅटमधला पलंग किती फुटांचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत एजंट लोकांवर अधूनमधून कोरडे ओढलेले असतात. बरेचसे नेमक्या पाठीवर बसतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. मी आधी इंटिरियर डिझायनर होते, आता फ्लॅट विकते. कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं ऑफिस आहे, महारेराचा (बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक दारावरच लावला आहे. दोन्ही धंदे आतून बघितल्यामुळे घर घेणाऱ्यांना एक विनवणी करायची आहे : टोकन देण्याआधी खोली मोजा. नकाशावर नको, जागेवर जाऊन.

चांगला चाललेला डिझाइनचा धंदा का सोडला, असं नातेवाईक अजून विचारतात. चांगला म्हणजे काय, ते सांगते. शेवटचा हप्ता कधी वेळेवर मिळाला नाही. "ट्रॉलीचं हँडल जरा सैल लागतंय, तेवढं झालं की देतो," म्हणायचं आणि मग फोन उचलायचा नाही. इकडे प्लायवाल्याची उधारी आणि शनिवारी सुतारांचा पगार. पण खरा वैताग दुसराच होता. गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं ते घर घेऊन झाल्यावर. तेव्हा भिंत हलत नाही, बीम वर जात नाही, दार दुसरीकडे जात नाही. बांधतानाच राहिलेली अडचण सनमायकाखाली झाकायची, यातच माझं निम्मं काम. म्हटलं, एक पायरी अलीकडे जाऊन उभं राहावं.

आता साधा हिशेब बघा. नकाशात बेडरूम १० बाय १०. हे माप बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला की इंचभर गेलं. राहिले ९ फूट ११ इंच. कपाट २ फूट खोल. डबल बेडची गादी साडेसहा फूट लांब, डोक्याकडची फळी धरून पलंग पावणेसात फूट. मधे उरले १४ इंच. कपाटाचा दीड फुटी पल्ला उघडणार कुठे? स्लायडिंग केलं तर आतला खण पुरता बाहेर येत नाही. पलंग फिरवला तर पाय दाराच्या वाटेत, नाहीतर डोकं उत्तरेला. आणि उत्तरेला डोकं आपल्याकडे कोण करतंय?

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून पर्समध्ये टेपबरोबर खडूही असतो. कळंब्याकडच्या एका साइटवर एक कुटुंब आलं होतं. रिकाम्या बेडरूमच्या फरशीवर मी पलंग काढला, कपाट काढलं. मुलगा म्हणाला, "बसतंय की मॅडम!" त्याची आई काही न बोलता त्या दोन रेघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि हवेतलंच कपाट उघडायला लागली. एक पाय पलंगावर गेला. "आणि साड्या काय झोपून काढायच्या?" बस्स. साइटवरचा सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही सौदा करायला आलाय का मोडायला?" सौदा झाला, त्याच इमारतीत, पलीकडच्या बाजूच्या फ्लॅटचा. तिथे बेडरूम फूटभर लांब होती. दोन्ही फ्लॅट कागदावर सारखेच, टू बीएचके.

सॅम्पल फ्लॅटमध्ये हे का कळत नाही, तर तिथलं फर्निचरच बारकं असतं. पलंग साडेपाच फुटी, कपाट दीड फूट खोल, डायनिंगच्या खुर्च्या लहान. दारांच्या नुसत्या चौकटी, पल्ले बसवलेलेच नसतात, म्हणजे दार उघडल्यावर किती जागा खातं तो प्रश्नच मिटला. समोरच्या भिंतीला आरसा आणि भर दुपारी सगळे दिवे चालू. ही कला आमच्याच धंद्यातली आहे, वेगळे पैसे मोजून करून घेतली जाते. ओळखायची सोपी खूण सांगते. कपाटात हँगरला शर्ट अडकवून दार लावून बघा. बाही दारात अडकली तर समजा, कपाट तुमच्यासाठी केलेलं नाही, खोली मोठी दिसावी म्हणून केलेलं आहे.

रेरा आहे की, असं लोक म्हणतात. आहेच, आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. २०१६ चा कायदा, आपल्याकडे १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लिफ्ट विकायची पद्धत त्याने मोडली. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आम्हा एजंटांनाही आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्राची, व्याख्या आम्ही पाठ केली. पण त्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडीसुद्धा धरलेली असते, हे किती गिऱ्हाइकांना माहीत आहे? चार खोल्यांच्या मधल्या भिंती तुम्ही कार्पेटच्याच दराने घेता. त्यात बेकायदेशीर काही नाही. फक्त भिंतीवर पलंग टाकता येत नाही.

शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठापर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. आपल्या पेठांमधल्या कितीतरी इमारती यातच बसतात. जुना वाडा पाडला, सहा फ्लॅट काढले, खाली दोन गाळे. तिथे क्यूआर कोड नाही, महारेराच्या वेबसाइटवर मंजूर नकाशा नाही. तिथे तुमचा टेप हाच रेरा.

जुना फ्लॅट घेत असाल तर कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. विकणारा सांगतो, "२०१९ ला पाणी नुसतं पायरीपर्यंत आलं होतं." असेलही. पण मी आधी किचन ओट्याखाली वाकते. वरची कपाटं जुनी, रंग उतरलेला, आणि खालच्या ट्रॉल्यांचा सांगाडा तेवढा नवा असेल, तर मला उत्तर मिळालं. दारांच्या चौकटी खालून हात-दीड हात फुगलेल्या असतात, त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला असतो. बोटाने दाबलं की कळतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, त्याची रेघ काही घरांत वेगळी सापडते. पूररेषेचा नकाशा बघाच, निळी रेषा (वरचेवर येणाऱ्या पुराची) कुठे आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) कुठे, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही विचारा. त्याचं पोतं न् पोतं भिजलेलं असतं, तो विसरत नाही.

(ओपन किचनबद्दल बोलणार नव्हते, पण राहवत नाही. ज्या घरात रविवारी मटण शिजतं, तिथे हॉल आणि किचनमधली भिंत का काढता? सोफ्याचं कापड बुधवारपर्यंत रश्शाची आठवण देतं.)

हे सगळं आत्ताच का लिहिते? ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झाल्यापासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गहून वकील मंडळी घरं शोधत येतात. सकाळी कोर्टात तारीख, दुपारी फ्लॅट, संध्याकाळच्या गाडीच्या आत टोकन. त्यांची घाई बघून स्थानिक माणूसही घाबरतो आणि न बघता संचकार, म्हणजे विसारपत्र, करून मोकळा होतो. दुसऱ्याचं करारपत्र ओळ न् ओळ वाचणारा वकील स्वतःची बेडरूम मोजत नाही, याचं मला रोज नवल वाटतं.

बांधकाम व्यावसायिकांकडे मागणं एवढंच : प्रत्येक फ्लॅटचा एक साधा कागद द्या. त्यावर गिलाव्यानंतरची आतली मापं, बीमची खालची उंची, कॉलम किती पुढे आलाय ते, आणि खऱ्या मापाचा पलंग आणि कपाट काढलेलं. ड्राफ्ट्समनला तासाभराचं काम आहे. क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या 'दालन' प्रदर्शनात स्टॉलवर असा कागद मिळाला तर गुळगुळीत ब्रोशरपेक्षा लोक तोच घरी नेतील. आपल्या वृत्तपत्राच्या जाहिरातींत रेरा क्रमांक आणि क्यूआर कोड असतो, त्याच्या शेजारी बेडरूमचं आतलं माप छापायला दोन ओळींची जागा लागेल.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत वेगळा दिला आहे, कृपया छापू नये. अजून काही साइटवर मला टेप घेऊन आत सोडतात.)