निरोपाच्या ओळींना वर्गशिक्षिकेची मंजुरी कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचे निरोप समारंभ जवळ आले असताना ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक परिपत्रक पाठवले आहे. शाळेने यंदा छापून घेतलेल्या इयरबुकच्या, म्हणजे वर्गाच्या आठवणींच्या पुस्तिकेच्या, शेवटच्या कोऱ्या पानांवर मुलांनी एकमेकांसाठी जे लिहायचे, ते आधी सुट्या कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला दाखवावे आणि त्यांची सही झाल्यावरच उतरवावे, असा नियम त्यात घातला आहे. टोपणनावे चालणार नाहीत, 'वैयक्तिक स्वरूपाचा मजकूर' चालणार नाही आणि मुलांनी मुलींच्या, मुलींनी मुलांच्या प्रतीत फक्त परीक्षेच्या शुभेच्छा लिहाव्यात, अशी पुस्तीही त्याला जोडली आहे. माझी मुलगी याच वर्गात आहे. शाळेचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु नियम चुकीचा आहे आणि ठाणे-नवी मुंबईतील इतर शाळांनी तो उचलण्याआधी त्यावर जाहीर बोलले जावे, असे मला मनापासून वाटते.

शाळेची भीती खोटी नाही. रंगावरून, वजनावरून, आडनावावरून, बोलताना अडखळण्यावरून मुले एकमेकांना काय काय म्हणतात, हे कोणत्याही पालकाला ठाऊक आहे, आणि मधल्या सुट्टीत हवेत विरून जाणारा शब्द शाईने लिहिला गेला की तो त्या मुलाच्या कपाटात वर्षानुवर्षे राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीस आल्यापासून तर आपल्या जिल्ह्यातील शाळांवर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी अधिकच काटेकोरपणे सोपवली गेली आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रकरणानंतर तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती यांवर जो भर दिला गेला, त्याचा रोख मुलांना मोठ्यांपाशी न घाबरता बोलता यावे याकडे होता. मैत्रिणीला लिहिलेल्या चार ओळीसुद्धा तपासून घ्याव्या लागतात, हे पाहिलेली मुलगी उद्या खरोखर काही बिनसले तर त्याच शिक्षिकेकडे मोकळेपणाने जाईल का?

इयरबुकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच बांधणीत येतात, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. छापील पाने शाळेची असतात. त्यांवर शाळेचे नाव असते, खर्च शाळेचा असतो आणि त्यांतील छायाचित्रे, लेख, मथळे तपासण्याचा शाळेला पूर्ण अधिकार आहे. आपल्या मराठी शाळांतील हस्तलिखितांचे संपादनही शिक्षकच करत आले आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. कोऱ्या पानांवर मात्र एक मूल दुसऱ्या मुलाशी बोलत असते. अमेरिकेत, जिथून ही इयरबुकची प्रथा आली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साधारण असाच भेद केलेला आहे. १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून आलेल्या मुलांच्या बाजूने निकाल देताना, शाळेच्या फाटकाशी विद्यार्थ्याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही असे न्यायालयाने म्हटले. मात्र शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल, तर शाळेला हस्तक्षेपाची मुभाही ठेवली. पुढे एका मुख्याध्यापकाने शाळेच्याच वृत्तपत्रातील दोन पाने वगळली, त्या प्रकरणात १९८८ मध्ये निकाल देताना ते शाळेचे प्रकाशन असल्यामुळे न्यायालय शाळेच्या बाजूने राहिले. हे निकाल आपल्याला लागू नाहीत. पण संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे आणि त्याच्या सोळाव्या कलमात मुलांच्या पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे.

या नियमाने साधणार तरी काय? प्रत्येक प्रतीत 'ऑल द बेस्ट' आणि 'संपर्कात राहा' एवढेच उमटेल. टोमणे मारणारी मुले ते इन्स्टाग्रामवर मारतील, जिथे शिक्षिकेची नजर पोहोचत नाही आणि पुरावाही पुष्कळदा उरत नाही. नुकसान होईल ते भिडस्त मुलांचे. आठवीत केलेल्या भांडणाबद्दल ज्याला आता माफी मागायची आहे, वडिलांची नोकरी गेली त्या दिवसांत जिने मुकाट्याने आपला डबा पुढे केला तिचे आभार ज्याला मानायचे आहेत, तो मुलगा ते कागदावर लिहून आधी बाईंच्या टेबलावर ठेवणार नाही. आणि तो डबा मुलीचा होता एवढ्याच कारणाने त्याने शुभेच्छांवर थांबावे, या अटीचे समर्थन तर मला कोणत्याच अंगाने करता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या साध्या स्नेहाकडे शाळाच संशयाने पाहू लागली, तर ती मुलेही एकमेकांकडे तसेच पाहायला शिकतील.

शाळेला करण्यासारखे पुष्कळ आहे. इयरबुक वाटण्याआधी एक तास या विषयाला द्यावा आणि लिहिलेला शब्द किती काळ बोचत राहतो, यावर मुलांशी बोलावे. आपली प्रत कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या नाही, हे जिची प्रत आहे तिने ठरवावे, आणि नकार दिला तर तिच्यावर कोणी दबाव आणू नये. कोणी दुखावणारे लिहिलेच, तर तिच्या तक्रारीवरून, आणि तेवढेच पान, शिक्षिकेने वाचावे. लिहिणाऱ्याला बोलावून जाब विचारावा, पालकांना कळवावे आणि तिला नवी प्रत द्यावी. प्रकरण गंभीर असेल तर सखी सावित्री समिती आहेच.

हे परिपत्रक काढताना दहावीच्या एकाही मुलाला विचारले गेले नाही, असे मुलगी सांगते. आपल्याविषयीच्या निर्णयात मत मांडण्याचा हक्क त्याच कराराच्या बाराव्या कलमाने मुलांना दिला आहे. पालक-शिक्षक संघाची बैठक निरोप समारंभापूर्वी व्हायची आहे. तिथे हा विषय घ्यावा, दहावीच्या प्रत्येक तुकडीतून दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि तोपर्यंत परिपत्रक स्थगित ठेवावे, अशी माझी शाळेच्या व्यवस्थापनाला विनंती आहे.

– एक पालक, ठाणे (पश्चिम)