छोटा लॅपटॉप भंगारात कशाला?

संपादक साहेब,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून दुकानात एकच उत्तर, जुना टाका नवीन घ्या. अहो पण ते १०-११ इंची छोटे लॅपटॉप, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजवाले, चांगले चालू असताना टाकायचे कशाला? विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो विषयच मिटला. गुगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या मोफत सिस्टिमलाही ४ जीबी रॅम हवीच.

मग उरलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची मोफत सिस्टिम, पण त्यातही नाव ऐकलंय म्हणून थेट उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाकला की मशीन रडतं, त्यापेक्षा त्याचंच हलकं रूप लुबुंटू बघा, आणि आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा म्हणजे वायफाय, आवाज, टचपॅड चालतंय का ते इन्स्टॉल न करताच कळतं. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर लुबुंटू विसरा, अँटीएक्स २३ हे दुसरं हलकं लिनक्स घ्या. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस दोन्हीवर चालतं. बाकी वीस टॅब उघडून बसणाऱ्यांना कुठलीच सिस्टिम वाचवू शकत नाही, आणि ज्यांचं काम टॅलीवर, म्हणजे विंडोजसाठीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये.

तुमच्या पुरवणीत नवीन मोबाइलची माहिती दर आठवड्याला येते, एकदा यावरही छापा की.

– एक वाचक, सांगली